ब्रेस्ट ऑगमेंटेशननंतर व्यायाम, अ‍ॅक्टिव्हा आणि ढोल: कधी काय सुरू करावं?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, पण इथे आयडीच्या आड राहून विचारता येतं म्हणून विचारते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझं ब्रेस्ट ऑगमेंटेशन झालं. वय ३४. सिलिकॉन इम्प्लांट, स्नायूखाली घातलेत, टाके स्तनाखालच्या घडीत आहेत. का केलं हा या धाग्याचा विषय नाही, तेव्हा तेवढं सोडून बोला. तिसरा आठवडा संपत आलाय. जखम कोरडी आहे, ताप नाही, दुखणंही आता फारसं नाही. खरं तर तोच प्रॉब्लेम आहे. दुखत नाही म्हटल्यावर घरात बसवत नाही.

डिस्चार्ज कार्डावर 'सहा आठवडे जड व्यायाम नको' एवढंच लिहिलंय. जड म्हणजे नक्की काय? एरवी मी जिमला जाते, रविवारी पुण्यातली तळजाई नाहीतर वेताळ टेकडी, आणि पथकात ढोल वाजवते. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा, सप्टेंबरच्या मध्यात आहेत, पण सराव जुलैतच सुरू होतोय. पुढच्या तपासणीला अजून अवकाश आहे आणि ओपीडीत बाहेर पंचवीस बायका ताटकळत असताना 'ढोल कधी बांधू' असं विचारायला जीभ रेटत नाही.

ज्यांनी हे केलंय किंवा जे या क्षेत्रातले आहेत त्यांनी कृपया सांगा. चालणं, पायांचे व्यायाम, धावणं, योगा, ढोल, काय आधी, काय नंतर? आणि अ‍ॅक्टिव्हाचं काय?

वेताळटेकडी

अगं, आधी अभिनंदन. धागा काढलास ते बरं केलंस, या विषयावर मराठीत वाचायला काही म्हणजे काही मिळत नाही.

माझं होऊन काही वर्षं झाली. माझे स्नायूच्या वर आहेत, त्यामुळे तुझ्यापेक्षा त्रास कमी झाला असणार. चालायला तर त्याच संध्याकाळी लावलं होतं. नर्स म्हणाली, रक्ताच्या गुठळ्या पायात होतात, पाय हलवा. पहिले काही दिवस घरातल्या घरात, मग सोसायटीत, मग कमला नेहरू पार्क.

पण टेकडी इतक्यात नको. चढामुळे नव्हे, पावसामुळे. जुलैत तळजाईचा चिखल कसा असतो ते तुला माहीत आहे. घसरलं की माणूस आधी हात पुढे टेकतो, आणि अख्ख्या अंगाचा भार तळव्यावरून छातीत जातो. सपाट, फरसबंदी जागा बघ. विद्यापीठाच्या आवारातले रस्ते मस्त.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जनकडून पाठवलेल्या पेशंट बघते. शेवटचा शब्द तुझ्या सर्जनबाईंचा, कारण आत काय केलंय ते फक्त त्यांनी पाहिलंय. पण 'सहा आठवडे' येतं कुठून ते सांगते. ते कळलं की जड काय आणि हलकं काय हे बरंचसं तुझं तुलाच ठरवता येईल.

आत तीन गोष्टी भरून येत असतात आणि तिन्हींना वेगवेगळा वेळ लागतो.

पहिली म्हणजे बारीक रक्तवाहिन्या. ऑपरेशनमध्ये त्या बंद केलेल्या असतात. सुरुवातीच्या दिवसांत रक्तदाब आणि नाडी चढली तर एखादी परत उघडते आणि इम्प्लांटभोवती रक्त साठतं. याला हिमॅटोमा म्हणतात. बहुतेकदा तो पहिल्या एकदोन दिवसांत होतो, पण उशिरानेही होऊ शकतो. म्हणून पहिले दोन आठवडे घाम फुटेल असं काहीच करायचं नाही. काही सर्जन तर नाडी १०० च्या वर जाऊ देऊ नका असंच सांगतात.

दुसरी जखम. वरून रेघ मिटलेली दिसते, पण तिसऱ्या आठवड्यात तिची ताकद मूळ त्वचेच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास येते आणि पुढे कधीच पूर्ण १०० होत नाही. तुझे टाके खालच्या घडीत आहेत, म्हणजे इम्प्लांटचं सगळं वजन त्याच रेघेवर बसलंय.

तिसरी गोष्ट पेशंटना सहसा कोणी सांगत नाही, ती म्हणजे कप्पा. शरीर इम्प्लांटभोवती स्वतःचा एक पातळ पापुद्रा तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. इम्प्लांट जागच्या जागी राहतं ते त्याच्यामुळे. तो तयार होऊन टणक व्हायला काही आठवडे जातात. तोवर छातीचा मोठा स्नायू जोर लावून आवळलास तर तो इम्प्लांटला खाली आणि काखेकडे ढकलतो. असं वारंवार झालं की कप्पा त्या बाजूला रुंदावतो, आणि मग दुरुस्तीला परत ऑपरेशन. तुझे स्नायूखाली आहेत, त्यामुळे हा मुद्दा वेताळटेकडीपेक्षा तुला जास्त लागू.

आता क्रम यातूनच निघतो. आधी पाय, मग पाठ-खांदे, सगळ्यात शेवटी छाती. तपासणी नीट झाली असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जागेवरची सायकल, ताठ बसून, हँडलवर भार न देता. बिनवजनाचे स्क्वॉट, ब्रिज. धावणं, उड्या, झुंबा सहा आठवड्यांच्या आत नाही. पुश-अप, प्लँक, बेंच प्रेस, डिप्स हे स्नायूखालीवाल्यांना साधारण आठ ते बारा आठवड्यांनी आणि तेही परवानगीनंच. काही सर्जन तर जड बेंच प्रेस कायमचाच सोडा म्हणतात, कारण स्नायू आवळला की इम्प्लांट हललेलं वरून दिसतं.

एक बारकावा. स्क्वॉट पायांचा व्यायाम खरा, पण बार खांद्यामागे धरायला कोपरं मागे जातात आणि छाती दोन्ही बाजूंनी ताणली जाते. डंबेल हातात धरलं तरी ते वजन हातातूनच लोंबतं. त्यामुळे सुरुवातीला रिकाम्या हातानं किंवा लेग प्रेस मशिनवर, आणि मशिनच्या मुठी आवळून न धरता. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, त्यानं रक्तदाब एकदम उसळी मारतो. प्री-वर्कआउटची पावडर घेत असशील तर तीही सध्या बाजूला ठेव, त्यात कॅफिन ठासून भरलेलं असतं.

पेठी_मांजर

सांधेजोड, ही पोस्ट प्रिंट काढून फ्रीजवर लावण्यालायक आहे. फक्त घरी सासूबाई असतील तर लावू नका.

निमूट_नवरा

माझ्या पत्नीचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन ठरलंय. तिनं हा धागा मला वाचायला दिलाय, म्हणजे काय ते समजलो. जिमला ती जात नाही. मग तिच्यासाठी काळजी घेण्यासारखं काय?

सांधेजोड

निमूटराव, हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. जिमचं ऐकायला सोपं असतं, डॉक्टर नको म्हणाले, आपण गेलो नाही. घोळ होतो तो घरात.

कणीक मळताना दोन्ही तळव्यांनी खाली आणि पुढे रेटतो आपण. ओट्यावरचा पुश-अपच तो. भरलेला पाच लिटरचा कुकर उचलणं, बादली उचलून मोरीतून बाहेर आणणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, गादी उलटणं, पंखा पुसणं. आणि आपल्याकडे बाल्कनीत छताला दोरीवर वरखाली होणाऱ्या कपड्यांच्या दांड्या असतात ना, ओल्या चादरींसकट ती दोरी ओढणं म्हणजे छाती आणि पाठ दोन्हींना एकदम ताण. पहिले दोन-तीन आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही आणि कोपरं खांद्याच्या वर न्यायची नाहीत. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं. घरात मूल लहान असेल तर त्याला उचलायचं नाही, त्यानं पलंगावर चढून आईच्या शेजारी बसायचं.

जमिनीवरून उठताना हात टेकून रेटा द्यायची सवय असते, तीही बंद. पलंगावरून उठताना कुशीवर वळून पाय खाली सोडायचे आणि तुम्ही पाठीमागून आधार द्यायचा. काखेत हात घालून वर ओढायचं नाही.

निमूट_नवरा

म्हणजे कणीक, कुकर, बादली, कपडे आणि पंखा. नोंद केली. पोळ्यांना बाई लावतो.

पेठी_मांजर

पंखा एरवीही तुम्हीच पुसत जा हो.

सरळमार्गी

देवानं दिलेल्या शरीरात अशी ढवळाढवळ करून मग व्यायाम कधी करू म्हणून विचारायचं. आमच्या आया-आज्यांना असले प्रश्न पडले नाहीत.

पेठी_मांजर

सरळमार्गी, आपल्या प्रोफाइलवर 'गुडघे बदलून घेतले, अनुभव' असा आपलाच धागा आहे. तिथे आम्ही सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या. देवानं दिलेल्या गुडघ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

खडीसाखर, तू उत्तर देत बसू नकोस.

अर्धा_चहा

अ‍ॅक्टिव्हाचं मी सांगते. मी दुसऱ्याच आठवड्यात सर्जनना विचारलं होतं. त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. झोप आणणारं दुखण्याचं औषध चालू आहे का? समोर अचानक रिक्षा वळली तर जोरात ब्रेक दाबून हँडल वळवता येईल का? पहिल्याचं उत्तर 'हो' किंवा दुसऱ्याचं 'नाही' असेल तोवर गाडी नाही. चारचाकीलाही तोच नियम, आणि पट्टा लावायचाच. टोचत असेल तर पट्टा आणि छातीच्या मध्ये छोटी उशी.

पण दुचाकीत आणखी एक भानगड आहे, मधला स्टँड. अ‍ॅक्टिव्हा मधल्या स्टँडवर घेताना एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची मूठ धरून वर खेचतो, तेव्हा छाती आणि काख किती ताणली जाते ते आत्ता कल्पनेनंच करून बघ. पार्किंगमध्ये शेजारच्यांच्या दोन गाड्या सरकवून आपली काढणं हाही तसलाच प्रकार. पुढचे दोन महिने बाजूच्या स्टँडवरच लाव. वॉचमनकाकांना सांगून ठेव, ते गाडी काढून देतात.

बसनं जात असशील तर वरचा दांडा धरायचा नाही. गचका बसला की हात वर ताणलेला असतानाच झटका बसतो. बसायला जागा नसेल तर पुढची बस.

खडीसाखर

बापरे, मधल्या स्टँडचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या सोसायटीत बाजूच्या स्टँडवर गाडी लावली की सेक्रेटरी चिठ्ठी चिकटवतात. बघते काय ते.

खूप धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका. एक, उजव्या बाजूला अधूनमधून वीज चमकल्यासारखी कळ येते, क्षणभर, आणि जाते. दोन, हात वर केला की स्तनाखालून पोटाकडे एक ताणलेली दोरी हाताला लागते. हे काय आहे?

सांधेजोड

कळ म्हणजे ताणलेल्या नसा पूर्ववत होताना होणारा प्रकार. बहुतेकींना होतो, महिनोन्‌महिने अधूनमधून चालू राहतो. स्तनाग्रांजवळ बधीरपणा किंवा उलट अतिसंवेदनशीलता, हेही त्यातलंच.

दोरीसारखी लागते ती बहुधा त्वचेखालची सुजलेली शीर. मॉन्डॉर म्हणतात तिला. दिसायला भीतीदायक असली तरी काही आठवड्यांत सहसा आपोआप जाते. पण 'बहुधा' हा माझा शब्द आहे, मी हात लावून बघितलेलं नाही. फोटो काढून सर्जनबाईंना पाठव. तोवर चोळायची नाही आणि ओढून मोकळी करायला जायचं नाही.

कशाला थांबायचं नाही तेही एकदा लिहून ठेवते. एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, दुखणं वाढत चाललं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करायचा. ताप, वाढत जाणारा लालपणा, जखमेतून पाणी किंवा पू, हेही त्याच दिवशी दाखवायचं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर चालून मोकळी होईल म्हणत बसायचं नाही. आणि छातीत दुखून दम लागायला लागला तर सर्जनच्या फोनची वाट न बघता सरळ १०८ किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. गुठळी फुप्फुसात गेली तर मिनिटं महत्त्वाची असतात.

मधली_आळी

मी योगाचे वर्ग घेते. अशा ऑपरेशननंतरच्या विद्यार्थिनी आधी बोलत नाहीत, मग वर्गात सूर्यनमस्काराच्या मध्येच थांबतात तेव्हा कळतं. म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

'योगा म्हणजे हलका व्यायाम' हा समज इथे उपयोगाचा नाही. एक सूर्यनमस्कार घ्या. हात वर नेऊन मागे झुकताना घडीतली जखम ताणली जाते. पुढे दंड घेताना, अष्टांगात जाताना सगळा भार तळव्यांवर, छाती जमिनीला. भुजंगासनात पुन्हा रेटा, पर्वतासनात पुन्हा भार. म्हणजे पुश-अपला नाही म्हणायचं आणि बारा सूर्यनमस्कार घालायचे, यात काही अर्थ नाही. दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायला हवेत, म्हणजे शेवटी.

पालथं झोपून करायची आसनं, शलभासन, धनुरासन, तशीच नंतर. दुसरं, बोल्स्टर म्हणजे जाड लोड पाठीखाली लांबट ठेवून, हात बाजूला सोडून पडायची आरामाची स्थिती असते ना, ती सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. तिच्यात छातीचा स्नायू दहा-दहा मिनिटं ताणलेला राहतो. सहा आठवडे तीही नको. कपालभाती, भस्त्रिका थांबवा. अनुलोम-विलोम, साधा दीर्घश्वास, मानेचे आणि घोट्यांचे सूक्ष्म व्यायाम पहिल्या आठवड्यापासून चालतील.

उलट टोकही बघितलंय. भीतीपोटी हात छातीशी बांधून ठेवलेले, खांदे पुढे आलेले, आणि दोन महिन्यांनी हात वरच जात नाही. खांद्याचं काय करायचं ते सांधेजोड सांगतील.

सांधेजोड

बरोबर मुद्दा. खांदा जखडू द्यायचा नाही. हात बाजूला ठेवून खांदे गोल फिरवणं, पाठीची पाती हलकेच एकमेकींकडे आणणं, हे लवकर सुरू होतं. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं सर्जननी हो म्हटल्यावर, ताण जाणवेल तिथं थांबायचं. मसाज कोणी सुचवला तर तोही सर्जनच्या सांगण्याशिवाय नाही. गुळगुळीत इम्प्लांटला काही जण सांगतात, खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटला तो सांगत नाहीत. तुझे कोणते ते इम्प्लांट कार्डावर असेल. कार्ड दिलं नसेल तर मागून घे. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गननं बायोसेल जातीचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले, तेव्हा ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं त्यांना आपले कोणते हेच ठाऊक नव्हतं.

चार_टाके

थोडं विषयांतर. मी कॅन्सरनंतर स्तन काढून पुन्हा घडवून घेतलाय, पोटाचा भाग वापरून. कोणी माझ्यासारखी हा धागा वाचत असेल तर कृपया इथले आठवडे स्वतःला लावू नका. आमचं पोटही कापलेलं असतं, काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर हाताला सूज येण्याचा प्रश्न असतो, रेडिएशन झालेलं असतं. व्यायाम आम्हालाही करायचाच असतो, पण त्याचा तक्ता वेगळा. ऑन्को-फिजिओ बघणारे लोक पुण्यात आहेत, हॉस्पिटलमध्ये विचारा.

तिखटजाळ

ब्राबद्दल कोणीच बोललं नाही? मी बोलते.

सर्जननी दिलेली तीच, त्यांनी सांगितलंय तितके दिवस, दिवसरात्र. पुढून चेन किंवा हुक असलेली घ्यायची, म्हणजे घालताना हात वर करावे लागत नाहीत. तारेची अजिबात नाही, तार नेमकी तुझ्या टाक्यांवर बसते. धावायला लागलीस की चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा लागेल, पण ती आवळून इम्प्लांट वर किंवा मध्ये दाबणारी नको. नवीन मापाची घे. सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात, तेव्हा महागाची एकदम चार घेऊन ठेवू नकोस.

आता पुणेरी पावसाळ्याचा मुद्दा. आत्ताच्या हवेत जाड पट्ट्याची ब्रा दोन दिवस वाळत नाही. दमट ब्रा घालून चालायला गेलं की घडीत घाम आणि ओल साचते, आणि नेमकी तिथेच जखम आहे. निदान तीन असू देत. चालून आल्यावर आंघोळ, जखम टिपून कोरडी, मग कोरडी ब्रा. इस्त्री फिरवून 'वाळली' म्हणायचं नाही, आतला स्पंज ओलाच राहतो.

खडीसाखर

तिखटजाळ, तू माझ्या बाल्कनीत डोकावून गेलीस का?

बरं, आता ढोल. पथकातलं कोणी आहे का इथे?

टिपरू

मी आहे. पथकात बरीच वर्षं, हल्ली नवीन मुलींना शिकवते. वैद्यकीय मला कळत नाही. कशात काय हलतं तेवढं सांगते, बाकी सांधेजोडताईंनी बघावं.

ढोल कमरेला बांधतो, वजन कमरेवर आणि पाठीवर येतं. पण तो उचलून पोटाशी धरून बांधेपर्यंत पूर्ण हातांवर असतो. उजव्या हातात टिपरू, डावीकडे थापी. टिपरूचा हात बाहेरून आत येतो, आणि 'जोर' आला की तो खांद्यातून येतो. मिरवणुकीत हे तासन्‌तास चालतं.

मग सगळे म्हणतात, ढोल नको तर तिला झांज द्या, हलकी असते. झांज हलकी खरी, पण दोन्ही हात उघडून पुन्हा छातीसमोर आपटायचे, शेकडो वेळा. ध्वज तर विचारूच नका, तो पोटाशी टेकवून डोक्यावर नाचवायचा. ताशा मात्र मनगटाचं काम आहे. पट्टा गळ्यात असतो आणि तो छातीवरून जातो, तेवढंच.

सांधेजोड

टिपरू, तुमचं निरीक्षण पक्कं आहे. झांज म्हणजे जिममधल्या 'फ्लाय' मशिनचीच हालचाल, तीही झटक्यानं. स्नायूखालच्या इम्प्लांटला मी ढोलाच्याही नंतर झांज ठेवीन. ताशाचा पट्टा जखमेवर येत नसेल, मऊ कापड गुंडाळलं असेल, तर सहा आठवड्यांनंतर थोडा थोडा वेळ चालावा. ढोल बारा आठवड्यांच्या तपासणीनंतर. आधी बसून, ढोल जमिनीवर ठेवून, हलक्या हातानं. मग बांधून दहा मिनिटं. बांधताना दोघींनी उचलून द्यायचा.

खडीसाखरचं ऑपरेशन जूनच्या सुरुवातीचं, म्हणजे बारा आठवडे ऑगस्टच्या अखेरीस भरतात. विसर्जन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. वाजवायला मिळणं अशक्य नाही. पण सर्जन हो म्हणाल्या तरी मला मिरवणुकीतल्या गर्दीची जास्त काळजी आहे. लक्ष्मी रोडला विसर्जनाच्या दिवशी कोणाचं कोपर कुठे बसेल सांगता येत नाही.

टिपरू

म्हणूनच ढोल येत नसेल तर 'दोरी धर' म्हणतील, ते अजिबात ऐकू नकोस. दोरीला गर्दी दोन्ही बाजूंनी ओढते, तिथे धट्टेकट्टे गडी टेकीस येतात. पाणी वाटप नाहीतर हजेरी घे.

आणि पथकप्रमुखांना सगळं सांगायची गरज नाही. 'छातीवर शस्त्रक्रिया झालीय, डॉक्टरांनी भार घ्यायला मना केलंय' एवढं पुरे होतं. आमच्याकडे कोणी जास्त विचारलं तर आम्ही मुलीच त्याला गप्प करतो.

अर्धा_चहा

जिमच्या ट्रेनरलाही तेवढं सांगच. त्याला कारण नको, पण माहिती हवी. शेवटच्या स्ट्रेचिंगला मागून दोन्ही हात धरून ओढतात ना, ते त्याला न सांगता टाळता येत नाही.

खडीसाखर

अपडेट देते. फोटो पाठवल्यावर सर्जनबाईंनी लगेच बोलावून घेतलं. दोरी म्हणजे मॉन्डॉरच निघालं. गरम शेक आणि वाट बघा, म्हणाल्या.

यावेळी यादी लिहूनच नेली होती. बाई हसल्या आणि म्हणाल्या, हे आधी का नाही विचारलंत. सपाटीवर कितीही चाला. सायकल चालेल, नाडी फार चढवू नका. बिनवजनाचे पायांचे व्यायाम चालतील. अ‍ॅक्टिव्हा आणखी दोन आठवड्यांनी, आणि मधल्या स्टँडचं ऐकून म्हणाल्या की हे मी आता सगळ्याच पेशंटना सांगणार. धावणं सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, पर्वतीच्या पायऱ्या तेव्हाच, पण कठडा धरून स्वतःला ओढायचं नाही. ढोलाचं उत्तर ऑगस्टअखेर. ताशा शिकायला घ्यायला त्यांची हरकत नाही, सहा आठवड्यांनंतर. सेक्रेटरींना अजून काही सांगितलेलं नाही, गाडी सध्या माहेरी लावली आहे.

टिपरू

ताशा शिकायला ये. ढोलवाल्यांना ताशा म्हणजे काय ते एकदा कळू दे!

माठातलं_पाणी

धागा उशिरा वाचला. माझं स्नायूच्या वर झालंय, पाच आठवडे होतील. पोहायला कधी जाता येईल? टिळक तलावाचा पास काढून ठेवलाय.

सांधेजोड

जखमेवर खपली किंवा ओलसर ठिपका आहे तोवर कुठलंच पाणी नाही, तलावातलं क्लोरीनही जखमेला वाचवत नाही. सर्जननी जखम बघून हो म्हटलं की आधी पाण्यात नुसतं चालायचं, मग फळी धरून फक्त पाय मारायचे, फळीवर भार न देता. ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल त्यानंतर काही आठवड्यांनी, बटरफ्लाय सगळ्यात शेवटी. कठड्यावर हात टेकून बाहेर यायचं नाही, शिडी वापरायची. आणि पासाची मुदत वाढवून मिळते का ते आधी विचारून घ्या.